तट्टाला टुमणी, तेजीला इशारत

(मराठीचे अध्यापक व विद्यार्थी यांच्या इंदूर येथील चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



म्हणी आणि वाक्प्रचार असा विषय मला दिला गेला. तो एवढा मोठा आहे की तासाभरात त्याला हात घालायचा तर यादी वाचून दाखवण्यापलीकडे काही साधणार नाही. म्हणून मी एकच म्हण निवडली आहे: तट्टाला टुमणी, तेजीला इशारत. तट्टू सोट्याशिवाय हलत नाही, जातिवंत घोड्याला नुसती खूण पुरते, असा तिचा अर्थ आपण शिकवतो. गेली सव्वीस वर्षे मीही तोच शिकवला. तो शिकवताना माझ्याकडून एक चूक झाली, तिथूनच आरंभ करते.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात ही म्हण आली. ‘तट्टू’ म्हणताना माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. मुद्दाम गेली, हे आज कबूल करते. वर्ग हसला. त्या बाकावर एक मुलगा बसत असे. उशिरा येई, तोंडी परीक्षेत गप्प राही. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, तट्टू आळशी नसतं. त्याचं तोंड मेलेलं असतं.” त्याच्या घरी लग्नाच्या वरातीसाठी घोड्या ठेवतात, हे मला त्या दिवशी कळले. “एकदा येऊन बघा,” एवढेच म्हणून तो गेला.

मी गेले. एका जुन्या वाड्याच्या मागल्या अंगणात पत्र्याखाली तीन घोड्या होत्या. मुलाचे आजोबा एका म्हाताऱ्या घोडीला खरारा करत होते. त्यांनी तिचा ओठ अलगद उचलून आतले दाखवले. तोंडाच्या कोपऱ्याला जुनी, पांढरट, जाड झालेली खूण होती. ही घोडी त्यांनी दुसऱ्याकडून विकत घेतली होती. तिच्याबरोबर आलेला लगाम भिंतीवर खिळ्याला टांगला होता. त्याच्या लोखंडी दांडीवर चहूबाजूंनी टोके होती. आजोबा म्हणाले, “हा तिच्या तोंडातून काढला. परत कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून घरात ठेवलाय.”

मी साहित्याची विद्यार्थिनी. पशुवैद्य नाही, घोडेस्वार तर नाहीच. पण त्या दिवसानंतर ही म्हण मला पूर्वीसारखी शिकवता आली नाही. तिच्यात घोड्याविषयी एक विधान आहे, आणि ते खरे आहे का, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे असे मला वाटू लागले.

आधी भाषेकडे पाहू. मराठी ही घोड्यावरून पुष्कळ प्रवास केलेली भाषा आहे. आपण माळव्यातले मराठी लोक तर तिच्याबरोबर घोड्यांच्या मागोमागच इथे आलो. या शहरात पागनीस पागा नावाची वस्ती आजही आहे. तिथे आता घोडे नाहीत, नाव आहे. आपल्या आडनावांत शिलेदार आहेत, राऊत आहेत, नालबंद आहेत, चाबुकस्वार आहेत. चाबुकस्वार म्हणजे घोड्याला शिकवून तयार करणारा माणूस. शिक्षकाला त्याच्या हातातल्या चाबकावरून ओळखणारा हा शब्द आपल्या पेशाला जवळचा आहे, हे मान्य करायला हवे. छडीची शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.

वाक्प्रचारांचे म्हणाल तर आपण लगाम घालतो, लगाम सैल सोडतो, मांड ठोकतो, आपलेच घोडे पुढे दामटतो. काम अडले की घोडे कुठे पेंड खाते ते शोधतो. ही सगळी भाषा वर बसलेल्याची आहे, खाली असलेल्याची नाही. ‘खोगीरभरती’ हा शब्द घ्या. खोगिरात कोंबायच्या चिंध्या, म्हणजे निरुपयोगी भर, असा अर्थ रूढ झाला. ग्रंथात पानेच वाढवली असतील तर समीक्षक हा शब्द हमखास वापरतात, मीही वापरला आहे. पण घोड्याच्या पाठीला विचारा. स्वाराचे वजन कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरावे, कणा मधल्या फटीत मोकळा राहावा, हे सारे त्या भरतीवर अवलंबून असते. भरती गोळा झाली, एका बाजूला सरकली, की पाठ सोलवटते. खोगीर दिसते स्वाराला, भरती लागते घोड्याला. आपण शब्द मात्र स्वाराच्या बाजूने ठेवला.

तोबऱ्याचे तसेच. दाणा वाया जाऊ नये म्हणून घोड्याच्या तोंडाला बांधायची ती पिशवी. आपण ‘तोंडात तोबरा भरला’ म्हणतो ते हावरटपणा दाखवायला. एक जुने कोडे मात्र घोड्याच्या बाजूचे आहे: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एक, फिरवले नाही म्हणून. घोडा अडला तर दोष घोड्यात शोधू नका, त्याला कसे ठेवले ते पाहा, असे हे कोडे सांगते. आपली म्हण याच्या नेमके उलट सांगते. एकाच भाषेत दोन साक्षी आहेत. त्यांतली खरी कोणती?

याचे उत्तर घोड्याच्या तोंडात आहे. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये काही बोटांची मोकळी जागा असते. लगामाची दांडी तिथे, जिभेवरून, बसते. त्या जागी हाडावर हिरडीचा पातळ थर असतो, दुसरे काही नसते. म्हणूनच बोटांच्या हलक्या दाबाने एवढे मोठे जनावर वळते. ज्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरते, त्याला सोटा कशाला लागावा? पण त्या हिरडीवर रोज हिसके बसले, त्यात टोके असली, तर जागा जखमी होते, मग घट्ट होते, शेवटी बधिर होते. घोडा हलक्या दाबाला उत्तर देईनासा होतो. स्वार जोर वाढवतो. घोडा आणखी बधिर होतो. आणि मग स्वार म्हणतो, हे तट्टूच आहे.

दुसरी गोष्ट आजोबांनी दाखवली. पुस्तकांत मी ती नंतर वाचली. घोडा ओढण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो. लगामाचा हलका ताण आला, घोड्याने मान वळवली, की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. ती सैल होणारी बोटे म्हणजे त्याला मिळालेले ‘बरोबर’ हे उत्तर. वळल्यावरही ताण तसाच राहिला तर वळून काही मिळत नाही, एवढेच तो शिकतो. आजोबांच्या भाषेत, “ओढणं कुणालाही येतं, सोडणं येईपर्यंत दहा वर्षं जातात.”

म्हणजे तट्टू हा जन्म नसून पुष्कळदा परिणाम असतो. आकाराने लहान असलेली तट्टे असतातच, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. म्हणीतले, सोट्याशिवाय न हलणारे तट्टू मी म्हणते आहे. ते घडवले जाते, आणि ते घडवणारी वस्तू टुमणीच असते.

हे आजचे, भूतदयेच्या चळवळीनंतरचे शहाणपण आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, आणि बळजबरीने करवून घेतलेल्या गोष्टीत समज नसते व सौंदर्यही नसते, असे तो सांगतो. दाखला देतो नर्तकाचा: चाबकाने मारून कुणाला नाचवले तर ते नृत्य होईल का?

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अश्वाध्यक्ष’ हे प्रकरण आहे. स्वारीच्या घोड्याच्या वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण, नारोष्ट्र अशा चालींची तिथे नोंद आहे. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्या तरतुदींनी. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे. चुकीच्या उपचाराने किंवा हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड करावा. आणि युद्ध, व्याधी, म्हातारपण किंवा काम यांमुळे क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरते अन्न मिळत राहावे. हा ग्रंथ हळवेपणासाठी प्रसिद्ध नाही. तरीही निकामी झालेल्या घोड्याचे पोट राज्याच्या खर्चात धरलेले आहे.

मराठ्यांच्या फौजेकडे येऊ. सभासदाच्या बखरीत पागेची रचना आहे. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. इथपर्यंत आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. पण त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे, हे सहसा विचारत नाही. लढणाऱ्यांच्या मोजणीतच पाणी देणारा आणि खूर सांभाळणारा मोजलेला आहे. पावसाळ्यात फौज छावणीला परतली की घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि शाकारलेली छपरे तयार असावीत, असेही बखर सांगते.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र आपण शिकवतो. त्या पत्राचे मूळ कारण घोड्यांची वैरण हे आहे. आताच बेपर्वाईने दाणा-गवत संपवलेत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. रात्री जळता दिवा ठेवू नका, उंदीर वात नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, हा इशाराही त्याच चिंतेतून आला आहे. उपासमारीने मेलेले घोडे हे निष्काळजी माणसाने केलेले हत्याकांड आहे, असे म्हणणारा राजा आपल्या गद्याच्या इतिहासात आहे.

याचा अर्थ मराठ्यांच्या राज्यात घोडे सुखात होते असा नाही. १७६१ च्या पानिपतावर कोंडलेल्या छावणीत माणसांआधी जनावरे उपाशी मेली. लढाईसाठी घोडा वापरणे ही गोष्टच त्याच्या हिताची नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की घोड्यावर ज्यांचे आयुष्य अवलंबून होते, त्यांना त्याच्या अडण्याची कारणे ठाऊक होती. म्हणी मात्र बाजारात आणि चावडीवर घडतात. तिथे घोडा दिसतो तो भाड्याचा.

आता स्वारीच्या पद्धतींविषयी, कारण इशारत म्हणजे नेमके काय ते त्यांच्यात कळते. रिकीब लांब ठेवून पाय सरळ सोडून बसणे आणि रिकीब आखूड करून गुडघे मुडपून बसणे, या जगातल्या दोन जुन्या पद्धती. जड चिलखताचा स्वार पहिल्या पद्धतीने बसे, चपळ हालचालीचा दुसऱ्या. अमेरिकेतले गुराखी एका हातात सैल लगाम धरतात, दोराचा स्पर्श मानेला झाला की घोडा वळतो. दुसरा हात फासाच्या दोरीसाठी मोकळा हवा असतो. भाला चालवणाऱ्या मराठा स्वाराचीही तीच गरज होती. त्याचा घोडा वळायचा तो बराचसा मांडीच्या दाबावर आणि शरीराच्या तोलावर. म्हणून आपण स्वाराची परीक्षा हातावरून करत नाही, ‘मांड पक्की आहे’ असे म्हणतो. पहिल्या बाजीरावाची ती प्रसिद्ध आख्यायिका आठवा: खांद्याला टेकलेला भाला, घोड्याच्या मानेवर सोडून दिलेला लगाम आणि दोन्ही हातांनी चोळून खाल्लेली कणसे. ती आपण पेशव्याचा साधेपणा दाखवायला सांगतो. तिच्यात घोडाही आहे. तोंडाला कुणी हात लावत नाही आणि तो नीट चालतो आहे.

स्वारीच्या पद्धती स्वाराच्या सोयीसाठी बदलत आल्या. एक मोठा बदल मात्र घोड्याकडे पाहून झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इटालियन घोडदळातला कॅप्टन फेदेरिको काप्रिली यांनी मोकळा घोडा अडथळ्यावरून कशी उडी मारतो त्याचे निरीक्षण केले. तोवर उडीच्या वेळी स्वार मागे रेलून लगाम ओढत असत. म्हणजे घोड्याला मान लांब करायची असे तेव्हाच तोंडाला हिसका बसे, आणि पाठ मोकळी हवी तेव्हाच तिच्यावर भार येई. काप्रिलींनी स्वाराला पुढे झुकवले आणि हात पुढे सोडायला लावले. आज सगळे जग उडी तशीच घेते. इथे घोड्याला काही नवे शिकवायचे नव्हते. त्याला ते येतच होते. स्वाराला आड येऊ नये हे शिकायचे होते.

इशारतीची सर्वांत बारीक कला ‘ड्रेसाज’ या प्रकारात दिसते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच शिक्षण देणे, वळण लावणे. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत या प्रकाराचे सांघिक सुवर्णपदक भारताला मिळाले. घोडेस्वारीत असे यश ४१ वर्षांनी आले, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. स्वार काही करतो आहे असे पाहणाऱ्याला दिसू नये आणि घोडा तालात चालावा, अशी या प्रकाराची कसोटी. पण उजेडाखालीही अंधार असतो. घोड्याची मान बळाने छातीशी वाकवण्याची रीत याच क्षेत्रात पसरली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला ती अमान्य ठरवावी लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर तर ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेल्या एका स्वाराला माघार घ्यावी लागली, कारण प्रशिक्षण देताना तिने घोड्यावर वारंवार चाबूक चालवल्याची चित्रफीत बाहेर आली. म्हणजे तेजीलाही टुमणी बसते, फक्त प्रेक्षक नसताना. घोड्याच्या जातीने काही ठरत नाही. हात कुणाचा आणि घाई किती, यावर ठरते.

आपल्या शहरात घाई असते ती मुहूर्ताची. रात्री अकराला वरात, कानाशी ढोल, जनरेटरचे दिवे, फटाके, नालाखाली गुळगुळीत डांबर, पाठीवर घाबरलेला नवरदेव. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, नाकापुढचे आणि थेट शेपटीमागचे तेवढे नाही. आणि वरातीत लोक नेमके तिथेच नाचतात. घाबरलेल्या घोडीला जागीच थोपवायला मग काटेरी लगाम लागतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि ओझी व गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम आपल्याकडे आहेत. टोकदार लगाम त्या नियमांनी निषिद्ध आहे. दिवसात नऊ तासांहून अधिक किंवा सलग पाच तासांहून अधिक काम, तसेच पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन या वेळात काम करून घेऊ नये, असेही त्यांत आहे. साठ वर्षे हे कागदावर आहे. घोडी ठरवताना आपण भाव विचारतो, सजावट विचारतो. लगाम कसला आहे हे मी स्वतः घरच्या दोन लग्नांत विचारले नव्हते.

घोडीवाल्यांना दोष देऊन मोकळे होऊ नये, हेही सांगते. हंगाम चार महिन्यांचा, चंदीचा खर्च बारा महिन्यांचा. गिऱ्हाइकाला शांतपणे वागणारी घोडी हवी आणि ढोलही हवा. आजोबा दोन वराती घेतात, तिसरी नाकारतात. त्यांचे शेजारी तिसरीही घेतात, कारण त्यांच्या घरी दोन मुली शिकत आहेत. कोणाला काय म्हणावे?

आता पुन्हा म्हणीकडे. ही म्हण घोड्यांविषयी आहे असे आपण म्हणतो, पण वापरतो ती माणसांविषयी. शिक्षकांच्या खोलीत मी ती कितीदा ऐकली आहे, आणि म्हटलीही आहे. एका वर्गाला इशारत पुरते, दुसऱ्याला टुमणी लागते. तिच्यात ‘जातिवंत’ हा अर्थ दडलेला आहे, तो अधिक टोचतो. काहींना जन्मतःच खूण कळते, काहींना कळणारच नाही, हे आधीच ठरवून टाकण्याची सोय ती करून देते. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा उशिरा का येई, हे मी सहा महिन्यांत विचारले नव्हते. पहाटे चारला वरात संपवून, घोडी चोळून, दाणापाणी करून तो सकाळच्या तासाला येत असे. गप्प का राही, याचेही उत्तर मला नंतर मिळाले. आधीच्या एका शाळेत त्याच्या मराठीतल्या हिंदी शब्दांना रोज हसत असत. ‘तोंड मेलेलं असतं’ हे वाक्य तो फक्त घोड्याविषयी बोलला नव्हता.

मी ही म्हण अभ्यासक्रमातून काढा असे म्हणणार नाही. म्हण पुसून अनुभव पुसला जात नाही. ती शिकवावी, आणि तिच्याशेजारी भाकरी-पान-घोड्याचे कोडे ठेवावे. विद्यार्थ्यांना विचारावे, दोन्हींपैकी कोणते खरे, आणि कसे तपासाल? मी गेली काही वर्षे हा प्रश्न परीक्षेत विचारते आहे. सर्वांत चांगले उत्तर अजून तरी शेवटच्या बाकावरूनच आले आहे.

दुसरे काम अकादमीने हाती घ्यावे अशी विनंती. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे या आपल्या जुन्या ठाण्यांत घोड्याशी अजून संबंध असलेली काही घरे आहेत. नालबंद आहेत, खोगीर शिवणारे आहेत. लगाम, तंग, दुमची, खरारा, आगाडी-पिछाडी हे शब्द कोशात मिळतील. पण हात कधी सैल करायचा, नाल बसवण्याआधी खूर किती तासायचा, घोडी कान मागे घेते तेव्हा तिला काय म्हणायचे असते, हे सांगणारी भाषा कोशात आलेली नाही. हुकमाचे शब्द आपण जपले. सांभाळण्याचे शब्द पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. दोन विद्यार्थी, एक वही आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.

त्या म्हाताऱ्या घोडीचे विचाराल, तर तिला आजही वरातीला नेत नाहीत. साध्या दोरीच्या म्होरकीवर सकाळी अंगणात फिरवतात. तोंडाजवळ हात नेला की ती अजूनही मान झटकते. आजोबा हात मागे घेतात, थोडे थांबतात आणि पुन्हा हळूच पुढे नेतात.